दुआ अल्-करवान

ईजिप्तमधील अरबी बोलपट (१९५९). दिग्दर्शक हेन्री बरकात. प्रमुख भूमिका फातेन हमामा, अहमद मझहर, झहरत अल्-उला व अमीना रिझ्क. बालपणीच दृष्टी गमावूनही अरबी साहित्यात अग्रस्थान मिळविणारे आणि पुढे ईजिप्तचे शिक्षणमंत्री झालेले ताहा हुसेन यांच्या १९३४ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे.

बदफैली पतीचा खून झाल्यावर आपल्याच भावाच्या हुकमाने गावाबाहेर पडावे लागलेली एक विधवा हनादी व आमना या मुलींसह शहराच्या आश्रयास येते. पाटबंधारे खात्यातील एका अविवाहित इंजिनिअराच्या घरी चाकरीस राहिलेली हनादी त्याच्या वासनेस बळी पडते, आणि कुळाच्या अब्रूच्या नावाखाली मामा तिला गावाकडे परतताना वाटेतच ठार मारतो. त्या रात्री ओरडणारा करवान पक्षीच आमनेच्या दुःखाचा सोबती होतो. सूड उगविण्याच्या निश्चयाने ती त्याच घरी मोलकरीण म्हणून शिरते. परंतु ज्याचा सर्वनाश करावयाचा त्याच्यावरच तिचे मन जडते, आणि तिच्या अढळ नकारापुढे तो विषयलंपट पुरुषही हळूहळू पालटत जाऊन खऱ्या प्रीतीची व्यथा अनुभवू लागतो.

अशा कथेत अश्रूंचा पूर आणणे सोपे होते. बरकात यांनी मात्र सारा भार फातेन हमामा यांच्या मुद्रेवर टाकला असून, पापण्या खाली घालून हुकूम झेलणारी मोलकरीण आणि त्याच पापण्यांआड बहिणीचे प्रेत जपणारी स्त्री, ही दोन्ही रूपे त्या एकाच क्षणी, एकही शब्द न उच्चारता दाखवितात. प्रेम उपजल्यावरही आमना हनादीला विसरत नाही; चित्रपटाची सारी नैतिक उंची यातच आहे.

शेवट मूळ कथेहून भिन्न आहे. कादंबरीत ती दोघे गतकाळाचे ओझे मिळून वाहण्यास सिद्ध होतात, तर पडद्यावर आमनेवर झाडलेली मामाची गोळी इंजिनिअर स्वतःच्या देहावर झेलतो. मृत्यूने अपराधाचे क्षालन झटकन होते, जगून ते करणे अधिक कठीण. म्हणून कादंबरीचाच शेवट श्रेष्ठ मानावा लागतो. १९६० च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता. बरकात व हमामा यांनी पुढे ‘अल्-हराम’ (१९६५) या चित्रपटात हंगामी शेतमजूर स्त्रीची कहाणी मांडली. ती याच्या जोडीने पाहावी.