सेवेचेही शास्त्र असते

समाजसेवेला पदवी कशाला, असा प्रश्न ब्राह्मणपाऱ्यातील आमच्या मराठी घरांतूनही विचारला जातो. त्याचे उत्तर नागपुरात सापडते. १८६१ पासून १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात नांदत होते.

त्या नागपुरात १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्यासह सूतिकागृह काढले. त्यातूनच मातृसेवा संघ उभा राहिला. अल्पवयात वैधव्य आलेल्या कमलाताई परिचर्येचे रीतसर शिक्षण घेऊन या कार्यात उतरल्या होत्या. केवळ कळवळ्याने बाळंतिणीचे प्राण वाचत नाहीत, हे त्यांनी जाणले होते.

१९३६ साली मुंबईत नागपाड्यास क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटांच्या नावाचे समाजकार्य विद्यालय सुरू झाले. १९६४ मध्ये त्या संस्थेस विद्यापीठाचा दर्जा लाभला. पुढे मातृसेवा संघानेही नागपुरात समाजकार्याचे शिक्षण सुरू केले. या अभ्यासात ग्रंथांइतकेच क्षेत्रकार्य महत्त्वाचे. विद्यार्थी वस्तीत व रुग्णालयात जातो, पाहिलेले लिहून काढतो आणि आपल्या चुका मार्गदर्शकापुढे मांडतो.

दया उपजत असेल. परंतु मदत घेणाऱ्याचा मान राखून त्याला स्वतःच्या पायांवर उभे करणे शिकावेच लागते. आमच्या लेकीसुनांनी ही वाट धरली, तर आम्ही त्यांना अडवू नये.