पन्हळ गेली, हिच आला

गेल्या मे महिन्यात अमेरिकेत, मॅडिसनच्या घरासमोर मी गाडीखाली उताणा पडलो होतो. छातीवर पंधरा किलोचं लोखंड, म्हणजे सायकली टांगायला गाडीच्या मागे लावायचा हिच, डोळ्यांत गंज, हातात तारेचं वेटोळं. वय बासष्ट. बायको दारातून म्हणाली, "अहो, हे बसवून द्यायला माणसं मिळतात." मिळतात. पण त्यांच्या मजुरीत दुसरा एक हिच येतो, आणि सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हा हिशेब काही केल्या विसरता येत नाही.

सायकल परगावी न्यायची तर एसटीच्या टपावर टाकायची, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. मागच्या शिडीवरून हमाल वर चढणार, आपण खालून सायकल उचलून धरणार, तो ती कठड्याला सुतळीनं आवळणार. १९८६ साली विस्कॉन्सिनला शिकायला आलो आणि चौथ्या हाताची एक गाडी घेतली, तेव्हा हीच बुद्धी कामी आली. त्या गाडीच्या टपाच्या दोन्ही कडांना, पावसाचं पाणी दारावर ओघळू नये म्हणून, पत्र्याची पन्हळ होती. कौलारू घराला असते तशीच, फक्त बोटभर रुंद. तिला चिमटे लावून आडवे दांडे बसवायचे, दांड्यांवर सायकल. कुठल्याही कंपनीची गाडी असो, पन्हळ असली की झालं.

असे रॅक बनवायच्या धंद्यातली मोठी नावं सायकलीपासून सुरू झालीच नाहीत, हे मला नंतर कळलं. थुले ही स्वीडनची कंपनी. एरिक थुलिन यांनी १९४२ साली कोळ्यांसाठी पाईक मासा धरायचा सापळा विकायला काढला. टपावरचा रॅक आला तो १९६२ मध्ये. याकिमा १९७३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात निघाली, ती कयाक वल्हवणाऱ्यांना पाय टेकायचे आधार बनवत. आणि नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेला सायकलीचं वेड लागलं. १९७३ मध्ये इथे दीड कोटीच्या आसपास सायकली खपल्या, मोटारींपेक्षाही जास्त. एवढ्या सायकली जंगलात, तळ्याकाठी न्यायच्या तर कुठेतरी टांगायला हव्यात.

सगळ्यात सोपी जागा मागच्या बंपरची. जुना बंपर म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी. १९४५ साली लिओनार्ड शोन यांनी यू-हॉल काढून लोकांना ट्रेलर भाड्यानं द्यायला सुरुवात केली, तेव्हा गिऱ्हाइकाच्या गाडीला हिच कुठून असणार? ट्रेलरची जोडणी बंपरलाच शिकंज्यात आवळून द्यायचे. सायकलींचे रॅकही तसेच बंपरला आकडे घालून बसत.

मग सरकारनं बंपरकडे लक्ष घातलं. १९७३ च्या गाड्यांपासून नियम आला: ताशी पाच मैलांची समोरून टक्कर झाली तरी दिवे-बिवे शाबूत राहिले पाहिजेत. पुढच्या वर्षी मागच्या बाजूलाही तेच. आधी बंपर दट्ट्यांवर बसले, मग हळूहळू पोलाद आत गेलं आणि वर फोम आणि प्लॅस्टिकचं कातडं आलं. दिसायला गुळगुळीत, पण त्याला सायकल टांगणं म्हणजे उशीला खुंटी ठोकणं. तिकडे तेल महागल्यावर वारा कापायच्या नादात टपही गुळगुळीत झाला, दारं वरपर्यंत वळली आणि पन्हळ गेली. दांडे विकणाऱ्यांना आता प्रत्येक मॉडेलसाठी निराळे चिमटे बनवावे लागले.

मधला उपाय डिकीचा. मॅसॅच्युसेट्समध्ये डिक ॲलन यांनी १९६७ सालीच डिकीच्या झाकणावर पट्ट्यांनी बांधायचा रॅक काढला होता. मीही तसला एक बरीच वर्षं वापरला. पट्टे सैल होत, रंगावर ओरखडे पडत. कंटाळून परत टपावर गेलो, आणि १९९४ च्या एका दमलेल्या संध्याकाळी, वर सायकल आहे हे विसरून, गाडी थेट गॅरेजमध्ये घातली. त्या आवाजाचं वर्णन करत नाही.

राहता राहिला हिच. मुळात ही बोट आणि ट्रेलर ओढणाऱ्यांची वस्तू, गाडीच्या पोटाशी बोल्टांनी पक्की केलेली. रॅक ज्या चौकोनी नळीत शिरतो तिची नेहमीची मापं दोन: सव्वा इंच आणि दोन इंच. दुकानदार विचारतो, "किती ओढायचंय?" सायकलवाल्याला काहीच ओढायचं नसतं, त्याचा सगळा भार वरून खाली. सगळ्यात हलक्या, पहिल्या वर्गाच्या हिचवर साधारण दोनशे पौंड, म्हणजे नव्वद किलो, उभा भार चालतो. माझा रॅक चोवीस किलोचा, बायकोची बॅटरीवाली सायकल पंचवीस, माझी बारा. एकसष्ट. कागदावर बसतं. पण सायकली नळीच्या तोंडापासून हात-दीड हात मागे असतात आणि खड्ड्यागणिक उसळतात, म्हणजे पहारीच्या टोकाला धोंडा. म्हणून मी जास्त दणकट, दोन इंची घेतला.

बसवायला खरं तर दोन तास. सायलेन्सरची रबरी कडी साबणाच्या पाण्यानं निसटवून तो खाली सोडायचा, हिच वर धरायचा, बोल्ट आवळायचे. पण आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे कंपनीनं आत डकवलेल्या नटांचे आटे गंजून गच्च झालेले. रात्रभर तेल पाजून तारेच्या ब्रशनं घासले. दुसऱ्या बाजूला नट नव्हतेच, नुसती पोकळ तुळई. तिथे तार ओवायची, तिच्या टोकाच्या वळ्यात बोल्टाचे आटे फिरवून बसवायचे, बोल्ट मोठ्या भोकातून आत ढकलायचा आणि तार ओढत तो हव्या त्या भोकातून खाली काढायचा. परकराच्या नेफ्यात नाडी घालावी तसं. एक बोल्ट तारेतून सुटून आत पडला. नवा आणला. जुना अजून वळणावर खुळखुळतो.

जूनमध्ये एल्रॉय-स्पार्टा सायकलमार्गावर गेलो. जुन्या रेल्वेच्या वाटेवर केलेला, बत्तीस मैलांचा, तीन बोगद्यांचा. वाहनतळावर एका रांगेत सगळ्या गाड्यांच्या मागे तीच दोन इंची नळी. टोकाला मात्र एक जुनी तपकिरी स्टेशन वॅगन, टपावर दांडे, दांड्यांखाली चिमटे. मालक जवळपास दिसत नव्हता. मी पन्हळीतून बोट फिरवलं. आत पाइनच्या सुया साचल्या होत्या, आणि थोडं पावसाचं पाणी.