महापे व पारसिकच्या टेकड्या

महापे व पारसिकच्या टेकड्या : महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील एक गाव व त्यालगतचा डोंगराळ प्रदेश. महापे हे आता नवी मुंबईचा भाग असून ठाणे खाडीच्या पूर्वेस, पारसिक रांगेच्या पश्चिम पायथ्याशी वसले आहे. मुंब्र्यापासून बेलापूरच्या दिशेने दक्षिणोत्तर पसरलेली ही रांग काळ्या पाषाणाची (बेसाल्टची) असून दख्खनच्या लाव्ह्याचे थर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पावसाळी ओढ्यांनी तीत आखूड, तीव्र उताराच्या दऱ्या कोरल्या आहेत. महापेच्या पूर्वेस अडवली-भुतावलीकडील वनाच्छादित दरी त्यांपैकी होय.

येथील वारसा शिल्पवैभवापेक्षा भूमीच्या परंपरागत वापरातून अधिक प्रकट होतो. डोंगरउतारावर वन व वरकस जमीन, पायथ्याशी गाव, त्याखाली भातखाचरे आणि भरतीच्या रेषेवर खाजणे व मिठागरे, असा हा क्रम होता. डोंगरातील पाला व काटक्या राब भाजण्यास लागत. ओढ्यांचे पाणी खाचरांत खेळे. खारे पाणी बांध घालून थोपविले जाई. आगरी व कोळी समाजांचे जीवन या क्रमावर आधारलेले होते. वरची दरी उजाड झाल्यास खालचे खाचर गाळाने भरे, म्हणून डोंगर व शेत ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती.

ठाणे व कल्याण या प्राचीन बंदरांच्या दरम्यान ही रांग उभी आहे. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आलेला लोहमार्ग १८५४ मध्ये मुंब्र्याजवळील बोगद्यांतून कल्याणला पोहोचला. सु. १·३ किमी. लांबीचा पारसिक बोगदा १९१६ मध्ये खुला झाला. महापेहून शिळफाट्याकडे जाणारा रस्ता हीच रांग ओलांडतो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यात महापेचा समावेश झाला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवे शहर उभारले. शेतजमिनी संपादित झाल्या. खाचरांच्या जागी कारखाने व पुढे माहिती तंत्रज्ञान उद्योग आले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलीस गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. मोबदल्याचा प्रश्न असा पुढे आला, तरी डोंगर व शेत यांचा तुटलेला संबंध त्याने सांधला गेला नाही. बांधकामासाठी चाललेल्या दगडखाणींनी रांगेचे काही उतार उघडे पाडले.

ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अधिवासास २०१५ मध्ये अभयारण्याचा व २०२२ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. तथापि खाडीत येणारे गोडे पाणी व गाळ यांचा काही भाग याच टेकड्यांतून येतो. त्यामुळे दऱ्यांतील वन व ओढ्यांचे मोकळे मार्ग यांचे रक्षण खाडीच्या रक्षणापासून वेगळे करता येत नाही. जुन्या गावांची मांडणी याच संबंधावर उभी होती.