दरडींचा जुना पुरावा

इ. स. १७९५ मध्ये निजामाचे सैन्य मोहरीचा घाट उतरून खर्ड्याकडे आले. त्या लढाईचा क्रम आम्ही जुन्या कागदांवरून लावितो. त्याच जातीच्या कागदांस आता घाटांतील दरडींविषयीही विचारले पाहिजे. ता. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने उपग्रहचित्रे ताडून इ. स. २०२३ मध्ये भारतातील दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. परंतु त्यातील नोंदी इ. स. १९९८ पासूनच्याच आहेत. तत्पूर्वीची साक्ष दफ्तरांतच शोधावी लागेल. डोंगर खचून शेत बुडाल्याची तक्रार किंवा साऱ्याची सूट आढळल्यास संग्राहकांनी ती क्षुल्लक न मानता गाव, शिवार व मितीसह टिपून ठेवावी. नवी वस्ती कोठे करू नये, हे ठरविताना ती एक ओळही उपयोगी पडेल.