सांवलीचा सण

सण म्हटला कीं त्याच्या पाठीशीं कांहींतरी आधार असावा, अशी सर्वसाधारण समजूत असते. धर्माचा सण असेल तर शास्त्राचें वचन हवें. राष्ट्राचा असेल तर सरकारचें जाहीर फर्मान हवें. परंतु कांहीं सण असे असतात कीं, त्यांना ना शास्त्राची आज्ञा, ना सरकारची सुटी. लोक ते हंसत हंसत पाळतात आणि ते पिढ्यान् पिढ्या टिकून राहतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षीं 2 फेब्रुवारीस पाळला जाणारा 'ग्राउंडहॉग डे' हा असाच एक सण होय. त्या दिवशीं कचेऱ्या उघड्या असतात, शाळा भरतात. तरी देशभरचीं वर्तमानपत्रें एका बिळांत राहणाऱ्या प्राण्याची बातमी आवर्जून छापतात.

ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळांतील, दिसावयास घुशीसारखा, पण बोक्याएवढा गुबगुबीत प्राणी आहे. सारा हिंवाळा तो जमिनीखालीं गाढ निद्रेंत काढतो. लोकसमजूत अशी कीं, 2 फेब्रुवारीस तो बिळाबाहेर डोकावतो. ऊन पडलेलें असून त्याला आपली सांवली दिसली, तर तो दचकून पुन्हा आंत शिरतो आणि थंडी आणखी सहा आठवडे राहते. आभाळ भरून आल्यामुळें सांवली दिसली नाहीं, तर वसंत लवकर येतो.

ही समजूत अमेरिकेंत जन्मलेली नव्हे. नाताळापासून चाळिसाव्या दिवशीं ख्रिस्ती लोकांचा मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याचा सण येतो, तो हाच दिवस. या वेळीं हिंवाळा जवळजवळ अर्धा सरलेला असतो. गंजींतला चारा आणि घरांतलें सरपण आणखी किती दिवस पुरवावयाचें, ही युरोपांतील शेतकऱ्याची त्या वेळची खरी विवंचना असे. म्हणून त्या दिवसाच्या उन्हावरून पुढील हवामानाचा अंदाज बांधण्याची चाल तेथें पडली. पर्जन्यनक्षत्राचें वाहन बेडूक आहे कीं कोल्हा, हें पंचांगांत पाहणाऱ्या मराठी शेतकऱ्यास ही चाल मुळींच परकी वाटणार नाहीं. जर्मन लोक या कामीं बॅजर नांवाच्या, बीळ करून राहणाऱ्या प्राण्याची साक्ष काढीत.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून आणि विशेषतः अठराव्या शतकांत हजारों जर्मन कुटुंबें पेनसिल्व्हेनिया प्रांतांत येऊन वसलीं. त्यांनीं आपली बोली आणली, शेतीच्या रीती आणल्या आणि ही समजूतहि आणली. बॅजरचें काम त्यांनीं नव्या भूमींतील ग्राउंडहॉगकडे सोंपविलें. 1840 च्या सुमारास मॉर्गनटाउन गांवच्या जेम्स मॉरिस या दुकानदारानें आपल्या जर्मन शेजाऱ्यांची ही समजूत दैनंदिनींत टिपून ठेविली आहे.

तिला सणाचें रूप मिळालें तें मात्र त्याच प्रांतांतील पंक्सुटॉनी या गांवीं. 1886 सालीं तेथील वर्तमानपत्रानें या दिवसाची बातमी दिली, आणि 1887 सालीं संपादक क्लायमर फ्रीस व त्याचे मित्र 'गॉब्लर्स नॉब' नांवाच्या टेकडीवर ग्राउंडहॉगचें भाकीत ऐकावयास गेले. विशेष मौजेची गोष्ट अशी कीं, या मंडळीस भाकिताइकीच त्या प्राण्याच्या मांसाचीहि गोडी होती! उन्हाळ्याच्या अखेरीस त्याची शिकार होई आणि मेजवानी झडे. पुढें ती प्रथा मागें पडली आणि ज्याला लोक शिजवून खात, त्याचाच मानमरातब सुरू झाला.

आज उंच काळ्या टोप्या घातलेले मंडळाचे पदाधिकारी पहांटे त्याला उचलून धरतात, त्याची भाषा आपल्या अध्यक्षास समजते असें गंभीर मुद्रेनें सांगतात आणि भाकीत वाचून दाखवितात. 'फिल' नांवाचा हा प्राणी 1886 पासूनचा तोच आहे आणि एका दिव्य पेयानें तो चिरंजीव झाला आहे, अशीहि त्यांची ग्वाही असते. 1993 सालीं या सणावर निघालेल्या चित्रपटानंतर त्या लहानशा गांवीं हजारों लोक लोटूं लागले. फिलचें भाकीत निम्म्याहून अधिक वेळां चुकतें, असें हवामानाच्या नोंदी सांगतात. पण त्यामुळें कोणी घरीं बसत नाहीं. चारा मोजण्याची चिंता गेली, गंमत उरली.

परंतु या गमतीची दुसरी एक बाजू आहे. 1917 सालीं अमेरिका जर्मनीविरुद्ध महायुद्धांत उतरली आणि जर्मन म्हणून जें जें होतें त्याकडे संशयानें पाहिलें जाऊं लागलें. आयोवा प्रांताच्या गव्हर्नरानें तर 1918 सालीं सार्वजनिक जागीं इंग्रजीवांचून इतर भाषा बोलण्यासच मनाई केली. पेनसिल्व्हेनियांतील जर्मन कुटुंबें दीड-दोनशें वर्षें अमेरिकन होतीं. तरी त्यांची घरगुती बोली ओशाळवाणी झाली आणि मुलें झपाट्यानें इंग्रजीकडे वळलीं.

अशा काळांत, 1934 सालीं, ॲलनटाउन शहरीं 'ग्रुंडसाउ लॉज' या मंडळाचा पहिला मेळावा भरला. ग्रुंडसाउ हें त्या बोलींतलें ग्राउंडहॉगचें नांव. प्रार्थना, पोटभर जेवण, गाणीं, भाषण आणि विनोदी नाटुकलें, असा तेथला कार्यक्रम असे; आणि सर्व व्यवहार त्याच बोलींत. कोणाच्या तोंडून इंग्रजी शब्द निघाला तर त्यानें दंडाचें नाणें टाकावयाचें! हिटलरच्या उदयानंतर जर्मन वारशाचा उघड अभिमान मिरविणें पुन्हा अवघड झालें. परंतु बिळांतल्या प्राण्याच्या नांवानें हंसणाऱ्या मंडळीवर संशय कोण घेणार? अशीं अनेक मंडळें ठिकठिकाणीं निघालीं, आणि त्यांतील कांहींचे मेळावे एकविसाव्या शतकांतहि भरत राहिले.

तथापि सणाच्या सामर्थ्याला मर्यादा असते. वर्षांतून एक रात्र दंड भरून बोलली जाणारी बोली पुढच्या पिढीच्या तोंडीं फारशी बसली नाहीं. ती आज खऱ्या अर्थानें नांदते आमिश आणि कांहीं मेनोनाइट पंथीयांच्या घरीं; कारण तेथें आई मुलाला त्याच बोलींत हांक मारते. सणानें तिची लाज घालविली, हें त्याचें काम थोडें नव्हे; पण बोलीचें पोषण अखेर चुलीपाशींच होतें.