टाच बांधणारा माणूस

येत्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा स्कीइंग! भाड्याचे बूट घरीच घालून पाहिले, तर टाच तसूभर हलेना. हा शिकंजा कोणाच्या डोक्यातून निघाला, म्हणून वाचत बसलो.

स्की हजारो वर्षं जुनी. पण पूर्वी बहुधा बोटांपाशी नुसता पट्टा असे. सपाटीवर ठीक, उडी मारली की पाय निसटणार. नॉर्वेतल्या मॉर्गेडाल गावच्या सोंद्रे नॉरहाइम या गरीब माणसाने झाडाच्या लवचीक फांद्या पिळून टाचेमागून बांधल्या. टाच उचलता येई, पण स्की सुटत नसे. वळणं आणि उड्या दोन्ही जमू लागल्या. १८६८ मध्ये राजधानीतल्या, म्हणजे आजच्या ओस्लोतल्या, स्पर्धेत बेचाळीस वर्षांच्या सोंद्रेने सगळ्यांना थक्क केलं.

कौतुकाने पोट भरत नाही. १८८४ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेत आला आणि शेवटी नॉर्थ डकोटात स्थिरावला. तिथे बर्फ मुबलक, पण जमीन पोळपाटासारखी सपाट! १८९७ मध्ये तो तिथेच वारला. १९५२ च्या ओस्लो ऑलिंपिकची ज्योत मात्र मॉर्गेडालला, त्याच्या घरच्या चुलीवर पेटवली गेली.

देश सोडताना सामानात काय मावत नाही, ते आपल्यालाही ठाऊक आहे. शनिवारी पहिला उतार सोंद्रेच्या नावाने. पडलो तर माझ्या!