नामदेवरायांची सुई आणि कात्री

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी श्रीनामदेवरायांच्या चरित्रावर एखादा लेख असतोच, आणि तो असणे उचितही आहे. परंपरेने त्यांचा जन्म इ. स. १२७० चा व समाधी १३५० ची; पिता दामाशेटी, माता गोणाई; हा तपशील आपल्या घराघरांतील मुलांनाही पाठ असतो. म्हणून चरित्राची पुनरुक्ती न करता त्यांच्या एका लहानशा पदाकडे ज्ञातिबांधवांचे व भगिनींचे लक्ष वेधावे, असे योजिले आहे.

हे पद मराठी अभंग नव्हे. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावाची ६१ पदे आहेत. त्यांपैकी आसा रागात गायिले जाणारे हे एक. नामदेवांचे उत्तरायुष्य पंजाबात, घुमान येथे गेले अशी तिकडील श्रद्धा आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले होते, हे वाचकांस स्मरत असेलच.

पदात अवघी पाच द्विपदे आहेत. आरंभी कवी सांगतो की, मन हा आपला गज आणि जीभ ही आपली कात्री. अलंकारशास्त्रात यास रूपक म्हणतात. उपमेत दोन वस्तू शेजारीशेजारी उभ्या असतात, रूपकात त्या एक होतात. असे रूपक आपल्या संतमंडळीत नवे नाही. नरहरी सोनारांनी देहाची बागेसरी, अंतरात्म्याचे सोने आणि विवेकाची हातोडी केली, आणि दुकानातील बहुतेक हत्यारे एकेक करून परमार्थास लाविली. त्यास सांगरूपक म्हणावे. मूळ वस्तूची सर्व अंगे त्यात जुळविलेली असतात. नामदेवांची रीत निराळी. त्यांच्या हाती गज आहे, कात्री आहे, परंतु कापड कोठेच नाही! शिंप्याने आधी माप घ्यावे, मग बेतावे, हा आपल्या धंद्याचा पहिला पाठ. नामदेवही मापूनमापूनच कापतात. पण कापतात तो यमाचा फास. नित्याच्या, सवयीच्या क्रियेतून एकाएकी मृत्यूचा दोर समोर यावा, हे या द्विपदाचे सामर्थ्य आहे. आणि कात्री म्हणजे जीभ, म्हणजे नामोच्चार, हे ध्यानी आले की मापणे म्हणजे जपाची मोजदाद, हाही अर्थ उमटतो.

पुढे रंगविणे आणि शिवणे ही दोन्ही कामे येतात. उत्तरेत नामदेवांस 'छीपा' म्हटले जाते. छीपा म्हणजे कापड रंगविणारा, त्यावर ठसे उठविणारा. आपण त्यांस शिंपी म्हणतो. नामदेव खरे कोणते, यावर पुष्कळ वाद झडले आहेत. या पदात कवीने दोन्ही उद्योग एका ओळीत बसविले आहेत, आणि वाद घालणाऱ्यांची त्यास काही फिकीर दिसत नाही.

शेवटच्या द्विपदात सुई सोन्याची आहे आणि दोरा रुप्याचा. आमचे आजोबा हे पद ऐकताना हसत. म्हणत, "सोन्याची सुई जाड कापडात शिरली तर वाकेल रे!" त्यांचे म्हणणे खरेच होते. आरंभीचे गज-कात्री कोणत्याही दुकानातले. ही सुई मात्र कोणत्याच दुकानातली नव्हे. हत्यार जेथे निरुपयोगी होण्याइतके मौल्यवान होते, तेथे कवी धंदा मागे टाकून पुढे गेला आहे. त्या सुईने शिवले आहे ते चित्त. ते हरीशी टाचले गेले आहे.

आता मुख्य मुद्दा. दुसरे द्विपद मी मुद्दाम मागे ठेविले. त्यात ना गज आहे, ना सुई. जातीचे मी काय करू, पंक्तीचे काय करू, मला रात्रंदिन रामनाम पुरे, अशा आशयाचे ते उद्गार आहेत. वरवर पाहता रूपकाचा धागा येथे तुटल्यासारखा वाटतो. परंतु आदिग्रंथात याच द्विपदावर 'रहाउ' अशी खूण आहे. रहाउ म्हणजे ध्रुवपद. अर्थात गाताना प्रत्येक कडव्यानंतर त्याकडेच परतावयाचे. कात्री आली, पुन्हा जातीचा प्रश्न. रंग आला, पुन्हा तोच प्रश्न. सोन्याची सुई आली, तरी तोच. धंद्याच्या शब्दांनी कवी हात भरून घेतो आणि त्याच हातांनी जात बाजूस सारतो. शिंपीपण त्याने टाकले नाही; शिंपीपणावरून होणारी उच्चनीचता तेवढी टाकली.

हे त्याने सुखासुखी म्हटलेले नाही. त्याच ग्रंथात भैरव रागातले त्याचे दुसरे पद आहे. हसतखेळत देवळात गेलेल्या भक्तास धरून उठविले जाते. आपली जात हीन, छीप्याच्या घरी जन्म तरी का दिलास, असे तो देवासच विचारतो, आणि कांबळे उचलून देवळामागे जाऊन बसतो. मग देऊळच फिरते. आपल्याकडे ही कथा औंढ्या नागनाथाची म्हणून सांगतात. तेथे रूपक नाही, अलंकार नाही, एक कांबळे तेवढे आहे. आसा रागातले ध्रुवपद इतके निर्धास्त का वाटते, हे ते कांबळे पाहिल्याशिवाय कळावयाचे नाही.

काही वर्षांपूर्वी एका पुण्यतिथीच्या समारंभात आसा रागातले हे पद ऐकण्याचा योग आला. गायक उत्तम होता. त्याने गज-कात्रीचे द्विपद तीन वेळा आळविले, सुई-दोऱ्याच्या द्विपदास टाळ्याही मिळाल्या. ध्रुवपद मात्र त्याने गाळले. नंतर व्यासपीठावरून आपल्या ज्ञातीचा गौरव या पदात कसा झाला आहे, यावर भाषण झाले. मीही टाळी वाजविली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. घरी येऊन पाठ ताडून पाहिला तेव्हा वगळलेले काय ते उमगले.

आपण ज्ञातिसंस्थेचे सभासद. ज्ञातीच्या नावानेच ही स्मरणिका निघते, तीतच हा लेख छापला जात आहे. ही अडचण मला ठाऊक आहे आणि तिचे उत्तर माझ्यापाशी तयार नाही. मुलांच्या शिष्यवृत्त्या, वधूवरांची गाठ, वृद्धांची विचारपूस ही कामे मोलाची आहेत. ती करीत असताना हे पद पुरते गावे, एवढेच सुचवितो. येत्या आषाढ वद्य त्रयोदशीस जे कोणी ते म्हणतील, त्यांनी ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर घ्यावे. त्याने पद पाच-सात मिनिटे लांबेल, तेवढा वेळ कार्यक्रमपत्रिकेत आधीच धरून ठेवावा.